कॉव्हेंट्रीचे भग्न कॅथीड्रल : आशेच्या एका प्रतीकाची घडण

संहारातून वाचलेली अथवा पुन्हा उभारलेली प्रार्थनामंदिरे ही आशेची प्रतीके होत, असे विधान वारंवार केले जाते. परंतु वास्तू स्वतः काही बोलत नाही. एकच भग्न भिंत शोकाचे, सूडाचे किंवा क्षमेचे चिन्ह होऊ शकते. ती कशाचे चिन्ह व्हावी, हे माणसांना ठरवावे लागते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील सेंट मायकेल कॅथीड्रलचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात बांधल्या गेलेल्या या चर्चला कॅथीड्रलचा दर्जा १९१८ साली प्राप्त झाला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या औद्योगिक नगरावर भीषण हल्ला केला. त्यात साडेपाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो घरे उद्ध्वस्त झाली. कॅथीड्रलचे प्रोव्होस्ट रिचर्ड हॉवर्ड हे आपल्या मोजक्या सहकाऱ्यांसह छपरावर पडणारे आगलावे बाँब विझवीत होते. परंतु आग आवरेना. सकाळी बाहेरच्या भिंती आणि उत्तुंग मनोरा एवढेच काय ते उभे राहिले होते.

त्यानंतरच्या घटना लक्षणीय आहेत. जॉक फोर्ब्स या पाथरवटाने दोन जळक्या तुळया एकत्र बांधून क्रूस उभा केला. आर्थर वेल्स या धर्मोपदेशकाने छपराच्या लाकडांतून गळून पडलेल्या तीन मध्ययुगीन खिळ्यांचा दुसरा क्रूस घडविला. त्याच वर्षीच्या नाताळात हॉवर्ड यांनी भग्नावशेषांतून नभोवाणीवर भाषण केले व सूडाची भावना मनातून काढून टाकण्याचे आवाहन केले. नगराचे घाव ताजे असताना आणि युद्धाचा निकाल अनिश्चित असताना हे बोलणे लोकप्रिय होण्यासारखे खचित नव्हते.

१९४८ साली हॉवर्ड यांनी भग्न वेदीमागील भिंतीवर पित्याजवळ क्षमा मागणारे दोन शब्द कोरविले. क्रूसावरील येशूच्या प्रार्थनेत क्षमेची याचना ‘त्यांच्या’साठी आहे, या भिंतीवर ते सर्वनाम नाही. हा लोप सहेतुक होता. पापापासून कोणीही मुक्त नाही, ही हॉवर्ड यांची भूमिका होती. तिचा ऐतिहासिक अर्थ स्पष्ट होण्यासाठी मधल्या आठ वर्षांकडे पाहिले पाहिजे. त्या काळात ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी जर्मन नगरांवर अधिक मोठे हल्ले केले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये एकट्या ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५,००० माणसे मारली गेली. ‘त्यांना’ हे पद कोरले असते तर कॉव्हेंट्री केवळ पीडितांचे नगर ठरले असते. ते गाळल्यामुळे क्षमा मागणाऱ्यांत विजेतेही आले.

वास्तुरचनेनेही हाच विचार पुढे नेला. १९५१ च्या स्पर्धेत निवडलेल्या बेझिल स्पेन्स यांच्या आराखड्यात भग्नावशेष पाडले न जाता त्यांच्या बाजूस काटकोनात नवी वास्तू योजिली होती. २५ मे १९६२ रोजी तिचा अभिषेक झाला. नव्या सभागृहाच्या प्रवेशाशी जॉन हटन यांनी रेखाटलेली काचेची भव्य भिंत आहे. तिच्यातून भग्न कॅथीड्रल दिसते. विध्वंस झाकलेला नाही व पूजेचा एकमेव विषयही झालेला नाही.

या प्रतीकाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. अभिषेकानंतर पाच दिवसांनी येथे बेंजामिन ब्रिटन यांची ‘वॉर रेक्विएम’ ही संगीतरचना प्रथम सादर झाली. इंग्रज, जर्मन व रशियन गायकांनी ती एकत्र गावी, ही योजना होती; परंतु सोव्हिएत सरकारने गालिना विश्नेव्हस्काया यांस अनुमती नाकारली आणि त्यांची जागा हेदर हार्पर यांनी घेतली. समेटाच्या सोहळ्यावरही शीतयुद्धाची छाया पडलीच.

तरी प्रत्यक्ष कृती थांबली नाही. १९६१ च्या सुमारास जर्मन तरुणांनी येथील भग्न दालनांच्या डागडुजीसाठी श्रमदान केले. १९६५ साली कॉव्हेंट्रीहून गेलेल्या तरुणांनी ड्रेस्डेनमधील बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या एका रुग्णालयाच्या पुनर्बांधणीस हातभार लावला. खिळ्यांचा क्रूस अनेक देशांत पोहोचला आणि २००५ साली पुनःप्रतिष्ठा झालेल्या ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शेतही त्यास स्थान मिळाले.

तात्पर्य, कॉव्हेंट्रीची आशा मनोरा वाचला यात नाही. तो वाचणे हा योगायोग होता. आपल्या दुःखाचा उपयोग दुसऱ्यावरील आरोपपत्रासारखा न करण्याचा निर्णय हा मात्र योगायोग नव्हता. तो आधी थोड्यांनी घेतला आणि पुढच्या पिढीने श्रमाने पाळला. स्मारकांचा इतिहास लिहिताना दगडांच्या वयाइतकीच अशा निर्णयांची नोंद घेणे अगत्याचे आहे.