एका विद्यार्थिनीचा सत्याग्रह

उच्च विज्ञानसंशोधनासाठी या देशात एक स्वतंत्र संस्था उभी राहावी, ही जमशेटजी टाटा यांची आकांक्षा. ती फलद्रूप झालेली पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १९०४ साली ते निवर्तले. पुढे म्हैसूर दरबाराने बंगळूर येथे जमीन दिली, १९०९ साली संस्था रीतसर स्थापन झाली आणि १९११ साली तिने पहिले विद्यार्थी घेतले. कागदोपत्री तिचे नाव ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘टाटा इन्स्टिट्यूट’च झाली. तिच्या आरंभीच्या काळातील विद्यार्थ्यांत नारायणराव आणि माधवराव भागवत हे दोघे मराठी बंधूही होते. पित्याने आणि चुलत्याने जेथे रसायनशास्त्राचे अध्ययन केले, तेथेच आपणही जावे, असे नारायणरावांची कन्या कमला हिला वाटले, तर त्यात नवल ते काय!

कमलाबाई या दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली त्यांनी रसायनशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळविली, तीही गुणवत्तेच्या यादीत अग्रस्थान पटकावून. बंगळूरच्या प्रवेशास याहून अधिक पात्रता ती कोणती असावयाची? परंतु त्यांचा अर्ज नाकारण्यात आला. संस्थेचे संचालकपद त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे आले होते. १९३० सालच्या नोबेल पारितोषिकाने त्यांची कीर्ती दिगंत झालेली. त्यांच्या शब्दापुढे जाण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. आणि कारण एकच होते: अर्जदार स्त्री होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. संस्थेतील पहिली विद्यार्थिनी म्हणून कमलाबाईंचे नाव वारंवार घेतले जाते. परंतु त्यांच्या आधीच्या दशकातही तेथे काही विद्यार्थिनी येऊन गेल्याचे जुन्या नोंदींवरून दिसते. म्हणजे दार नियमाने बंद नव्हते. ते उघडणे वा मिटणे हे अधिकारावरील व्यक्तीच्या मतावर अवलंबून होते. नियमाशी वाद घालता येतो. मताशी वाद कसा घालावा? कमलाबाईंनी त्या काळाने शिकविलेला मार्ग धरला. आपल्याला नाकारण्याचे सयुक्तिक कारण सांगितल्याखेरीज परत जाणार नाही, असे म्हणून त्यांनी संचालकांच्या कचेरीपुढे सत्याग्रह आरंभिला.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नव्हती. काम पाहून, समाधान झाले तरच पुढचा विचार. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावयाचे. आणि प्रयोगशाळेतील वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये. या तीन अटींपैकी पहिल्या दोन श्रमाच्या होत्या, आणि श्रमाला कमलाबाई भीत नव्हत्या. सल राहिला तो तिसरीचा. विद्यार्थिदशेचे दोन भाग असतात: एक ग्रंथांचा व उपकरणांचा, दुसरा सहाध्यायांच्या संगतीचा. बरोबरीच्या तरुणाला हा दुसरा भाग न मागता मिळे. कमलाबाईंचे नुसते असणे हेच मात्र संभाव्य उपद्रव मानले गेले. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत, आणि उतारवयात त्यांनी तो स्पष्ट शब्दांत बोलूनही दाखविला.

सुदैवाने गुरू चांगला मिळाला. जीवरसायनशास्त्राचे अध्यापक श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, पण विद्येच्या बाबतीत स्त्री-पुरुष भेद न मानणारे. जगातील थोर संशोधकांचे लेखन वाचावे, त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा, अशी दृष्टी त्यांनी दिली. दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केले. ज्या देशात असंख्य मुलांचे पोषण वरणावरच व्हावयाचे, तेथे हा विषय किती जिव्हाळ्याचा होता, हे सांगावयास नको. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले, नियमित संशोधनाची अनुज्ञा मिळाली, आणि १९३६ साली कमलाबाई विशेष गुणवत्तेने एम.एस्सी. झाल्या.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत अनेक स्त्रिया संशोधन करीत होत्या. तेथे त्यांच्या वावराचे कोणाला अप्रूप नव्हते. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असते, असे कमलाबाईंनी दाखविले, आणि अवघ्या चाळीसएक पानांच्या प्रबंधावर १९३९ साली पीएच.डी. मिळविली. परंतु पश्चिमेचे गुणगान करतानाही तारतम्य राखावे. त्याच केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले ते १९४८ साली. तोवर त्यांची पदवी केवळ नामधारी असे. प्रयोगशाळा उदार, विद्यापीठ मात्र कृपण, असा तो प्रकार होता.

बंगळूरचे दार पुन्हा मिटले नाही. १९४० साली अॅना मणी यांनी खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिऱ्यामाणकांच्या प्रकाशगुणांवर संशोधन आरंभिले. पण त्यांच्या प्रबंधाला मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही, एम.एस्सी. पदवी नाही, हे त्याचे कारण. पुढे हवामानशास्त्रात त्यांनी मोठे नाव कमावले. कमलाबाई दिल्ली व कुन्नूर येथे काम करून १९४७ साली विवाहानंतर सोहोनी या नावाने मुंबईस आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्राचे अध्यापन केले, नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले, आणि कालांतराने त्या संस्थेच्या संचालिकाही झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

एका संचालकाने ज्यांना दारात अडविले, त्याच पुढे संचालकाच्या आसनावर बसल्या. त्या आसनापुढे अर्ज घेऊन येणाऱ्या मुलीला मात्र आपण मुलगी का, याचे उत्तर द्यावे लागले नाही.