बेस गिटारसाठी हलका स्पीकर बॉक्स कसा निवडाल? मुंबईत प्रॅक्टिस आणि प्रोग्रॅमला जाणाऱ्या पार्ट्यांसाठी उपयोगी माहिती

तालुक्यातल्या ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांना गावच्या जत्रेबरोबर मुंबईच्याही सुपाऱ्या मिळतात. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत गणपती-नवरात्रात चाळीचाळीतून कार्यक्रम असतात. आपल्यातली बरीच पोरं नोकरीनिमित्त तिथंच राहतात आणि प्रॅक्टिसही तिथंच करतात. बाकी वाद्यं खांद्याला लावून नेता येतात, पण बेस गिटारचा स्पीकर बॉक्स म्हटला की सगळे एकमेकांकडे बघतात. पार्टीच्या फंडातून एकदाच पैसे घालायचे असतात. म्हणून घेण्याआधी काय बघायचं, ते इथे एकत्र दिलं आहे.

आधी जिने मोजा, मग वॉट

परळ-लालबागच्या जुन्या चाळींना लिफ्ट नाही. डिलाईल रोडच्या जुन्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. गिरगावातल्या कित्येक चाळींचे जिने लाकडी, अरुंद आणि उभे आहेत. मोठा बॉक्स दोघांनी धरला तर वळणावर अडकतो.

म्हणून साधा नियम ठेवा. एका माणसाने एका हाताने उचलून तीन मजले न थांबता चढवता आला, तर तो बॉक्स आपला. बहुतेकांसाठी ही मर्यादा १५ किलोच्या आसपास येते. २० किलोच्या वर गेलात की दर वेळी दुसरा माणूस शोधावा लागतो. महिन्यातून आठ-दहा वेळा चढ-उतार केली तर कंबर धरते, आणि दुखऱ्या कमरेने चार तास उभं राहून वाजवता येत नाही.

वजन येतं कुठून?

दोन ठिकाणांहून: स्पीकरच्या चुंबकातून आणि बॉक्सच्या लाकडातून.

जुन्या पद्धतीच्या स्पीकरला फेराइटचं काळं, जाड चुंबक असतं. नवीन हलक्या स्पीकरला निओडायमियमचं लहान चुंबक असतं. ते आकाराने छोटं असूनही ताकदवान असतं, त्यामुळे स्पीकरचं वजन बरेचदा निम्म्यावर येतं. दुकानात त्याला ‘निओ’ म्हणतात. किंमत जास्त पडते, पण हलक्या बॉक्समध्ये पैसे मुख्यतः यासाठीच जातात.

लाकडाचंही तसंच. १८ मिमी एमडीएफचा आठ बाय चार फुटी एक पत्रा साधारण ४० किलोचा भरतो. १२ मिमी प्लायवूडचा तेवढाच पत्रा साधारण २० ते २२ किलोचा. चांगले हलके बॉक्स पातळ प्लायचे असतात आणि थरथर होऊ नये म्हणून आतून आडव्या पट्ट्या मारलेल्या असतात. शिवाय एमडीएफला पाणी लागलं की ते फुगतं. गणपती ऐन पावसात येतात, हे विसरू नका.

किती इंचाचा स्पीकर?

बेस गिटारची सगळ्यात जाड ई तार मोकळी वाजवली की सुमारे ४१ हर्ट्झचा सूर निघतो. पाच तारांच्या गिटारवर बी तार ३१ हर्ट्झपर्यंत खाली जाते. एवढा खालचा सूर काढायला स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते. त्यामुळे लहान बॉक्स, खोल बेस आणि मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरीत तडजोड करा. तिन्ही मिळतील असं कुणी सांगत असेल तर आधी वाजवून बघा.

वजनाचा साधारण अंदाज असा:

• १२ इंची एक, निओ: १० ते १६ किलो. चाळीतली प्रॅक्टिस आणि छोटा कार्यक्रम, दोन्हीला चालतो.
• १० इंची दोन, निओ: १४ ते २० किलो. आवाज जास्त खणखणीत, बोटांचा ठोका स्पष्ट.
• १५ इंची एक, फेराइट: २५ ते ३५ किलो. गावात टेम्पो असेल तर ठीक, जिन्यासाठी नाही.
• १० इंची चार, फेराइट: ३५ ते ४५ किलो. दोन माणसं लागतातच.

अमेरिकेच्या ॲम्पेग कंपनीचा दहा इंची आठ स्पीकरांचा बॉक्स जगभर प्रसिद्ध आहे. त्याचं वजन ६० किलोहून जास्त आहे. मोठ्या स्टेजवर तो शोभतो, पण आपल्या कामाचा नाही.

नवीन पार्टीने १२ इंची एका निओ स्पीकरपासून सुरुवात करावी. मोठी सुपारी मिळू लागली की तसाच दुसरा घ्यावा. दोन लहान बॉक्स दोघांच्या हातांत जातात, आणि प्रॅक्टिसला एकच न्यावा लागतो.

मोठ्या वॉटला भुलू नका

बॉक्सवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती ताकद सोसू शकतो, एवढंच. आवाज किती निघेल हे ‘सेन्सिटिव्हिटी’ या आकड्यावरून कळतं. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा.

इथे ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॉटचा फरक. ९७ डेसिबलचा बॉक्स २०० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ९४ डेसिबलच्या बॉक्सला ४०० वॉट लागतात. म्हणून ‘८०० वॉट’ असं मोठ्या अक्षरात बघून पैसे काढू नका. सेन्सिटिव्हिटी विचारा.

ओहम चुकला तर ॲम्प जातो

ही सगळ्यात महत्त्वाची बाब. प्रत्येक बॉक्सच्या मागे ४ ओहम किंवा ८ ओहम लिहिलेलं असतं. ॲम्पवर ‘कमीत कमी ४ ओहम’ असं लिहिलेलं असतं.

• ८ ओहमचे दोन बॉक्स जोडले तर ४ ओहम होतात. चालतं.
• ४ ओहमचे दोन जोडले तर २ ओहम होतात. ४ ओहमच्या ॲम्पला हे झेपत नाही. तो गरम होऊन बंद पडतो किंवा जळतो.
• ८ ओहमचे तीन जोडले तर ३ च्याही खाली जातं. तेही नको.

म्हणून पहिला बॉक्स ८ ओहमचाच घ्या. पुढे दुसरा जोडायची वाट मोकळी राहते. मात्र ८ ओहमवर ॲम्प पूर्ण ताकद देत नाही, साधारण निम्मी किंवा थोडी जास्त देतो. दुसरा बॉक्स जोडला की उरलेली मिळते.

ॲम्पही हलका बघा. ‘क्लास डी’ प्रकारचे ॲम्प दोन ते चार किलोत येतात आणि गिटारच्या बॅगेत बसतात. बाहेरदेशातून आलेला जुना ॲम्प घेत असाल तर मागे २३० व्होल्ट लिहिलंय ना, ते तपासा.

ॲम्प ते बॉक्स ही वायर स्पीकरचीच जाड वायर हवी. गिटारची वायर तिथे लावू नका, ती तापते. फिरवून लॉक होणारी स्पीकॉन पिन असेल तर उत्तम. नाचणाऱ्याच्या पायात वायर आली तरी सुटत नाही.

चाळीतल्या खोलीत प्रॅक्टिस

खोलीची एक बाजू १२ फुटांची असेल तर सुमारे ४७ हर्ट्झचा सूर तिथे घुमतो. म्हणजे ई तारेवर दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटचा सूर एकदम फुगतो आणि बाकीचे दबल्यासारखे वाटतात. यात बॉक्सचा दोष नाही. कोपऱ्यात ठेवला तर हे आणखी वाढतं. बॉक्स भिंतीपासून थोडा पुढे आणा, खुर्चीवर कानाच्या उंचीला ठेवा आणि ॲम्पवरचा बेस कमी करा. आवाज न वाढवताही स्वतःचं वाजवणं नीट ऐकू येतं, आणि खालच्या मजल्यावरचे वर येत नाहीत.

कायदाही लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. सणांचे काही दिवसच सरकार रात्री १२ पर्यंत सूट देतं. परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं जवळजवळ आहेत. त्या बाजूच्या कार्यक्रमाची पोलीस परवानगी मंडळाकडे आहे का, हे सुपारी घेतानाच विचारा.

कार्यक्रमाला सगळा भार बॉक्सवर नको

मोठ्या कार्यक्रमात आणि नाट्यगृहात साऊंडवाल्याचे मोठे बेस असतातच. ॲम्पच्या मागे ‘डीआय आउट’ असतं. तिथून वायर थेट मिक्सरला द्या. पब्लिकला आवाज साऊंडवाल्याकडून जातो, आपला बॉक्स फक्त आपल्याला आणि ढोलकी-ऑक्टोपॅडवाल्याला ऐकू येण्यासाठी राहतो. एवढ्यासाठी १२ इंची एक बॉक्स पुरतो. म्हणून ॲम्प घेताना डीआय आउट आहे का, हे नक्की बघा.

कुठे बघायचं, कसं तपासायचं

सुटे स्पीकर, पिना आणि वायरींसाठी ग्रँट रोड स्टेशन पूर्वेला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. वाद्यांच्या दुकानांसाठी मरीन लाइन्स स्टेशनजवळचा धोबीतलाव. १८६५ साली सुरू झालेलं फुर्टाडोज याच भागातलं.

स्वतःची गिटार घेऊन जा. ई तार मोकळी, जोरात वाजवा. फडफड, किरकिर किंवा लाकडाची थरथर ऐकू आली तर पुढचा बॉक्स बघा. मग तो उचलून दुकानात चार फेऱ्या मारा.

जुना बॉक्स घेत असाल तर मल्टिमीटर न्या. ८ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली असेल किंवा आतली वायर सुटली असेल. जाळी निघत असेल तर कोन दोन्ही हातांनी हलकेच दाबा. घासल्याचा आवाज आला तर घेऊ नका.

गावच्या सुताराकडून करून घेणार असाल तर आधी स्पीकर ठरवा. बॉक्सचं माप आणि पुढच्या भोकाची लांबी-रुंदी त्या स्पीकरच्या कंपनीने दिलेल्या आकड्यांप्रमाणेच ठेवा. अंदाजाने केलेल्या बॉक्समध्ये महागडा स्पीकरही फाटतो.

पैसे देण्याआधी एवढं बघा

• वजन १५ किलोच्या आसपास आहे का?
• ८ ओहम आहे का?
• सेन्सिटिव्हिटीचा आकडा विचारला का?
• मूठ मजबूत आहे का? कोपऱ्यांना पट्ट्या आहेत का?
• पावसाचं कव्हर मिळतंय का?
• पक्कं बिल आणि वॉरंटी पार्टीच्या नावावर आहे का?

लोकलने नेणार असाल तर मालडब्यातून न्या आणि गर्दीची वेळ टाळा. बिल पार्टीच्या फाईलमध्ये ठेवा. बॉक्स कुणा एकाचा नाही, सगळ्यांचा आहे.