स्टेडियम लोकांचं, पाटी एन्रॉनची

एन्रॉन म्हटलं की आपल्याला दाभोळ आठवतं. गुहागर, नाफ्था, महागडी वीज, १९९५ साली रद्द झालेला आणि मग वाटाघाटी करून पुन्हा जिवंत केलेला करार, २००१ साली बंद पडलेला प्रकल्प. मराठी पेपर वाचत मोठं झालेल्यांना ही गोष्ट जवळजवळ पाठ असते. पण ह्याच कंपनीची आणखी एक गोष्ट तिच्या स्वतःच्या गावात, टेक्ससमधल्या ह्यूस्टनला घडली. ती विजेची नाही, एका पाटीची आहे.

तर झालं असं, की १९९५-९६ च्या सुमाराला ह्यूस्टनच्या ऍस्ट्रोज ह्या बेसबॉल टीमला नवं मैदान हवं होतं. नाही मिळालं तर टीम विकली जाईल, दुसऱ्या राज्यात जाईल, अशी कुजबुज सुरू होती. शहराची फुटबॉल टीम, ऑयलर्स, तेव्हा टेनेसीच्या वाटेवर होतीच, त्यामुळे ही धमकी पोकळ वाटत नव्हती. मैदानाचा प्रश्न नोव्हेंबर १९९६ मध्ये मतदानाला टाकला आणि तो अगदी थोडक्यात पास झाला. बाजूने प्रचार करणाऱ्यांत एन्रॉनचे प्रमुख केन ले आघाडीवर होते.

मैदानाचा खर्च साधारण २५ कोटी डॉलर. त्यातला मोठा वाटा एका सरकारी प्राधिकरणाने कर्जरोखे काढून उभा केला आणि ते कर्ज फेडायला हॉटेलच्या खोल्यांवर आणि भाड्याच्या गाड्यांवर कर बसवला. युक्ती मोठी हुशार! कर पाहुण्यांनी भरायचा, मतदान गावकऱ्यांनी करायचं. (तुम्ही कधी ऑनसाइटला ह्यूस्टनला गेला असाल आणि एअरपोर्टवर गाडी भाड्याने घेतली असेल, तर बिलातल्या बारीक अक्षरांतल्या त्या कराने तुमचाही खारीचा वाटा उचलला असेल.)

मैदानाची मालकी प्राधिकरणाची, म्हणजे शेवटी जनतेची. नाव मात्र टीमने विकायचं आणि पैसे टीमने घ्यायचे. १९९९ साली एन्रॉनने ते घेतलं: ३० वर्षं, १० कोटी डॉलर. त्याच वर्षी इकडे दाभोळचा पहिला टप्पा सुरू झाला होता. कंपनीचे दिवस फार चांगले चालले होते! ७ एप्रिल २००० ला 'एन्रॉन फील्ड'वर पहिला अधिकृत सामना झाला आणि पहिला चेंडू टाकायला उभे होते स्वतः केन ले. मैदान छोटं, रन भरपूर निघायचे, म्हणून लोकांनी त्याचं लगेच 'टेन-रन फील्ड' केलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारो ह्यूस्टनकरांच्या नोकऱ्या गेल्या, अनेकांची निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये होती, तीही गेली. आणि गावाच्या मधोमध, गावाच्याच मालकीच्या इमारतीवर, ते नाव झळकत राहिलं.

मग काढून टाकायचं की, असं आपल्याला वाटेल. इथेच खरी गंमत आहे. एन्रॉनने नावाचे हप्ते थकवलेलेच नव्हते! करार चालू होता. आणि दिवाळखोर कंपनीचा चालू करार म्हणजे तिची मालमत्ता, तिच्यावर हक्क घेणेकऱ्यांचा. फेब्रुवारी २००२ मध्ये ऍस्ट्रोज कोर्टात गेले आणि शेवटी २१ लाख डॉलर मोजून त्यांनी आपल्याच मैदानाचं नाव परत विकत घेतलं. बुडालेल्या कंपनीच्या हिशेबात किंमत असलेल्या चार गोष्टी शोधल्या, तर त्यातली एक ही पाटी निघाली.

ह्या सगळ्या भानगडीत मैदानाचा मालक, म्हणजे ह्यूस्टनचा मतदार, कुठेच नाही. मैदान बांधायचं की नाही हे त्याला विचारलं, नाव काय ठेवायचं हे नाही. त्याच जूनमध्ये नाव पुन्हा विकलं गेलं, ह्यावेळी कोका-कोलाला, तिच्या 'मिनिट मेड' ज्यूससाठी. भिंतीवरून धावणाऱ्या शोभेच्या आगगाडीत संत्री भरली गेली आणि लोक मैदानाला 'ज्यूस बॉक्स' म्हणू लागले. २०२५ पासून ते 'डायकिन पार्क' आहे. हो, तीच एसीवाली डायकिन.

मालकाला विचारलं असतं तर काय झालं असतं? हे कळायला सॅन फ्रान्सिस्कोला जावं लागतं. तिथल्या 'कँडलस्टिक पार्क'चं नाव १९५९ साली लोकांकडूनच नावं मागवून ठरलेलं. मैदान शहराच्या मालकीचं, वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध. तिकीट लावून केलेली बीटल्सची शेवटची मैफल इथेच झाली, १९६६ साली. १९८९ चा भूकंप झाला तेव्हा वर्ल्ड सीरिजच्या सामन्यासाठी स्टेडियम भरलेलं होतं आणि देश टीव्हीवर बघत होता.

१९९५ साली ह्या नावाच्या जागी आलं 'थ्रीकॉम पार्क'. आपल्या धंद्यातल्या जुन्या लोकांना थ्रीकॉमची नेटवर्क कार्डं आठवत असतील, इथरनेटचे एक जनक बॉब मेटकाफ ह्यांची कंपनी. २००२ मध्ये तो करार संपला. २००४ साली 'मॉन्स्टर पार्क' आलं, चार वर्षांचे ६० लाख डॉलर, शहर आणि फुटबॉल टीमने वाटून घ्यायचे. हे मॉन्स्टर म्हणजे केबलवाले. पण बऱ्याच लोकांना वाटलं, नोकऱ्या शोधायची ती वेबसाइट! म्हणजे पैसे एकाचे, जाहिरात दुसऱ्याची.

करार होऊन जेमतेम दोन महिने झाले आणि नोव्हेंबर २००४ मध्ये शहराने मतपत्रिकेवर प्रश्न ठेवला: हा करार संपला की कँडलस्टिक हेच नाव परत आणायचं का, कायमचं? लोक हो म्हणाले. २००८ मध्ये मॉन्स्टरची पाटी उतरली.

इथे थांबलो असतो तर गोष्ट फार गोड झाली असती. पण २००९ च्या नोव्हेंबरमध्ये, मंदीत शहराची तिजोरी रिकामी असताना, त्याच मतदारांना पुन्हा विचारलं: नाव विकायची मुभा द्यायची का, निम्मे पैसे सार्वजनिक क्रीडाकेंद्रांच्या संचालकांच्या पगाराला जातील? ह्यावेळीही लोक हो म्हणाले. कुणी ह्याला कोलांटउडी म्हणेल. मला नाही वाटत. मुलांच्या खेळासाठी माणूस हवा म्हणून आठवणीतलं नाव गहाण टाकायचं की नाही, हा घरातल्या दागिन्यासारखाच प्रश्न आहे आणि तो घरच्यांनीच सोडवायचा असतो. पैसे कुठे जाणार हे मतपत्रिकेवर लिहिलेलं होतं. ह्यूस्टनमध्ये तेवढंही नव्हतं.

गंमत म्हणजे मुभा मिळूनही नाव पुन्हा विकलं गेलंच नाही. फुटबॉल टीम २०१४ साली सांता क्लाराच्या नव्या स्टेडियममध्ये गेली, त्याला 'लीव्हाइज'चं नाव आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या मैदानावरचा शेवटचा कार्यक्रम झाला, पॉल मॅकार्टनीचा. २०१५ मध्ये मैदान पाडलं, तेव्हाही त्याचं अधिकृत नाव कँडलस्टिक पार्कच होतं.