कर्त्याची लपलेली खूण : मावळचे कोरीव लेख आणि आज्ञावलींतील विनोद

संगणकाच्या आज्ञावलींत रचनाकार कधीकधी एखादी गंमत दडवून ठेवतात. गूगलच्या शोधयंत्रास ‘रिकर्शन’, म्हणजे पुनरावर्तन, हा इंग्रजी शब्द विचारिला असता ‘आपणांस रिकर्शन म्हणावयाचे आहे काय?’ असा उलट प्रश्न येतो. तो स्वीकारावा, तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. शब्दाचा अर्थ न सांगता तो करून दाखविणारा हा विनोद होय. अशा दडविलेल्या गमतीस ‘ईस्टर एग’ म्हणतात. तिचा उगम निव्वळ खेळकरपणात आहे, असे सामान्यतः मानले जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा असून त्या कामी मावळातील लेण्यांचे लेख उपयोगी पडतात.

प्रथम नावाचा इतिहास पाहू. अटारी कंपनी आपल्या खेळांवर रचनाकारांची नावे देत नसे. ‘ॲडव्हेंचर’ (१९८०) या खेळाचे रचनाकार वॉरन रॉबिनेट यांनी त्यात पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक ठिपका ठेविला. तो हाती लागल्यास एका गुप्त दालनात प्रवेश मिळे आणि तेथे रॉबिनेट हेच या खेळाचे निर्माते होत, असे वाक्य दिसे. खेळाडूंनी हे गुपित शोधून काढिले, तोवर रॉबिनेट कंपनी सोडून गेले होते. ईस्टरच्या सणास मुले लपविलेली अंडी शोधतात. त्यावरून कंपनीतील स्टीव्ह राइट यांनी अशा गुपितांस हे नाव दिले. म्हणजे ज्या वस्तूवरून हे नाव रूढ झाले, ती मुळात विनोद नसून स्वाक्षरी होती.

आता लोणावळ्यानजीकच्या कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे वळू. तेथील स्तंभांवर धेनुकाकटाच्या यवनांची व इतरांची नावे षष्ठी विभक्तीत येतात आणि त्यांपुढे ‘दानं’ हा शब्द येतो. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख मात्र तृतीयेत आहे. परंतु त्यातील ‘परिनिठपितं’ हे रूप प्रयोजक असल्यामुळे श्रेष्ठीने काम पूर्ण करविले, एवढाच अर्थ निघतो. याच लेण्यात धेनुकाकटाचा सुतार सामी याचाही लेख आहे. त्यात तृतीयेबरोबर ‘कत’, म्हणजे ‘केले’, हे साधे रूप येते. राजमाचीच्या पायथ्याशी, घाटाखालील कोंडाणे लेण्यात एका भग्न मूर्तीजवळ कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, अशा अर्थाचा लेख असून त्यातही ‘बलकेन कतं’ अशीच रचना आहे. ‘बलकाने केले’ या आजच्या मराठी वाक्यातही तोच कर्मणी प्रयोग दिसतो. तात्पर्य, देणारा, करविणारा आणि करणारा हे तिघे व्याकरणानेच वेगळे होतात. देणाऱ्यांचे लेख पुष्कळ आहेत, करणाऱ्याचे विरळा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जे दिसत नाही ते लपविलेलेच असते, असे नाही. भाज्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानींवरील छोटे ब्राह्मी लेख म. न. देशपांडे यांनी प्रसिद्ध केले. ते खालून सहसा दिसत नाहीत. तथापि त्यांतील ‘धमभागस पसादो’ हा लेख देणगीचाच आहे. बलकाचा लेखही चोरून कोरलेला नाही. कर्त्याचे नाव उघडपणे कोरता येत होते, हेच त्यावरून दिसते. रॉबिनेट यांना मात्र ते दडवावे लागले.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सेल ९७’ या आज्ञावलीत विमान उडविण्याचा एक छुपा खेळ होता आणि त्यातील एका शिलेवर रचनाकारांची नावे सरकत असत. २००२ मध्ये कंपनीने विश्वासार्हतेचे धोरण स्वीकारिले आणि अशा अघोषित भागांस मज्जाव झाला. ग्राहकास न सांगता यंत्रात काही घालू नये, ही भूमिका रास्तच होती. परंतु तिच्याबरोबर ती नावेही गेली. आजच्या शोधयंत्रांतील विनोद कंपनीच्या नावाने वावरतात. ते कोणी रचिले, हे पडद्यावर उमटत नाही. खेळ उरला, ‘कतं’ लोपले.

म्हणून आज्ञावलींचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने विनोदांची केवळ यादी करून थांबू नये. प्रत्येक ठिकाणी कर्ता कोणत्या विभक्तीत आहे, आणि मुळात तो आहे की नाही, हे त्याने पाहावे. दोन सहस्र वर्षांनंतरही बलकाचे नाव आपण वाचू शकतो, ते कोणीतरी ते कोरू दिले म्हणून.