दोष हाताचा की मुठीचा?

'चाळिशी' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. एक म्हणजे वयाची चाळीस वर्षं. दुसरा म्हणजे त्या सुमारास नाकावर येणारा, जवळचं वाचायचा चष्मा. वस्तूला थेट वयाचंच नाव मिळाल्याचं दुसरं उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही. गंमत अशी, की चाळिशी लागल्याची कुणाला लाज वाटत नाही. शिक्षकांच्या खोलीत पाहिलंत तर निम्म्या नाकांवर ती असते. वही लांब धरून वाचणाऱ्या माणसाला आपण सरळ सांगतो, "अहो, चष्मा करून घ्या."

आता दुसरा प्रसंग आठवून पाहा. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. "माझ्या हातात आता जोर राहिला नाही," असं म्हणत आजी ती बरणी नातवापुढे करते. झाकणातच काही चूक असेल, असं तिच्या मनात येत नाही आणि आपल्याही येत नाही. डोळ्यातलं भिंग ताठर झालं, की आपण वस्तू बदलतो. बोटांचे सांधे ताठर झाले, की माणसाला बाजूला बसवतो. असं का? या प्रश्नाचा पाठपुरावा करत आम्ही घरगुती वस्तूंच्या इतिहासात थोडं मागे गेलो. तिथे जे सापडलं ते इथे मांडत आहोत.

फ्रँकलिनचा लाकडी हात

विजेवरच्या प्रयोगांमुळे बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतो. त्याचा उतारवयातला उद्योग मात्र फारसा सांगितला जात नाही. लांबचं पाहायला एक चष्मा आणि जवळचं पाहायला दुसरा, या अदलाबदलीला तो कंटाळला होता. त्याने दोन्ही भिंगं अर्धी कापून एकाच चौकटीत वर-खाली बसवून घेतली. या दुहेरी चष्म्याबद्दल त्याने १७८४-८५ मध्ये मित्राला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी वर्षांचा होता.

१७८६ च्या सुरुवातीला, ऐंशीव्या वर्षी, त्याने आणखी एक साधन केलं. एक लांब काठी, तिच्या टोकाला लाकडाची दोन 'बोटं' आणि ती बोटं आवळायला दोरी. उंच फळीवरचं पुस्तक खाली काढायला हे साधन होतं. म्हाताऱ्या माणसांना शिडीवर चढलं की कधीकधी चक्कर येते, म्हणून हे केलं, असं कारणही त्याने लिहून ठेवलं आहे.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की फ्रँकलिनने स्वतःला दोष दिला नाही. पुस्तक उंच आहे, शिडी धोक्याची आहे, तर तिसरा मार्ग शोधू, असा त्याचा विचार होता. पण हे त्याला जमलं, कारण तो स्वतः संशोधक होता, पैसा होता आणि कारागीर हाताशी होते. वस्तू वापरणारा आणि वस्तू घडवणारा हा एकच माणूस होता. पुढे कारखाने आले आणि हे दोघे वेगळे झाले. वस्तू घडवणारा तरुण अभियंता शहरात बसला आणि ती वापरणारी आजी त्याच्या नजरेआड गेली.

मनगट सरळ ठेवणारी सुरी

पुढचा प्रसंग स्वीडनचा. मारिया बेंक्टझोन आणि स्वेन-एरिक युलिन या दोन डिझाइनरांनी १९७४ मध्ये पाव कापायची एक वेगळीच सुरी तयार केली. तिची मूठ सुताराच्या करवतीसारखी, पात्याशी काटकोनाच्या जवळपास उभी होती. सोबत पाव जागेवर धरून ठेवणारी एक चौकटही होती.

मूठ उभी का केली? हे समजायला वर्गात अर्ध्या मिनिटाचा प्रयोग पुरतो. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. आता मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि पुन्हा तेवढीच घट्ट मूठ आवळून पाहा. आवळता येत नाही! बोटं मिटवणारे स्नायू पंजात नसून मुख्यतः कोपराखालच्या भागात असतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगट आत वाकलं, की या दोऱ्या सैल पडतात आणि ताकद वाया जाते. नेहमीची सुरी धरताना मनगट तिरपं होतं. तरुण हाताला ही गळती परवडते. संधिवाताच्या हाताला परवडत नाही. उभ्या मुठीने मनगट सरळ राहतं आणि असलेली ताकद पुरते.

म्हणजे त्यांनी हाताची ताकद वाढवली नाही. सुरीमुळे वाया जाणारी ताकद वाचवली.

सव्वीस वर्षांची म्हातारी

अमेरिकेत पॅट्रिशिया मूर नावाची तरुणी न्यूयॉर्कमध्ये रेमंड लोई यांच्या प्रसिद्ध डिझाइन कार्यालयात काम करत होती. फ्रिजच्या दाराविषयी चर्चा चालू असताना तिने विचारलं, की संधिवात असलेल्या किंवा हात अशक्त झालेल्या माणसाला सहज उघडता येईल असं दार आपण करू शकणार नाही का? तिच्या सांगण्यानुसार उत्तर मिळालं ते असं, की आपण अशा लोकांसाठी डिझाइन करत नाही. लहानपणी आजी-आजोबांच्या सहवासात वाढलेल्या पॅट्रिशियाला 'अशा लोकांसाठी' हे शब्द लागले.

१९७९ मध्ये, वयाच्या सव्वीसाव्या वर्षी, तिने एक धाडस केलं. रंगभूषा करणाऱ्या मैत्रिणीच्या मदतीने ती ऐंशी ओलांडलेली म्हातारी बनली. पण नुसत्या सुरकुत्यांवर ती थांबली नाही. दिसणं अंधुक व्हावं, कमी ऐकू यावं, सांधे वाकू नयेत आणि बोटं आखडावीत अशी व्यवस्था तिने स्वतःच्या शरीरावर करून घेतली. १९८२ पर्यंत, अधूनमधून या वेशात, ती अमेरिका आणि कॅनडातल्या शंभराहून अधिक शहरांत हिंडली. कधी श्रीमंत म्हातारी, कधी मध्यमवर्गीय, तर कधी रस्त्यावर राहणारी.

बसची पायरी उंच आहे, दार जड आहे, अक्षरं बारीक आहेत, हे तिला कळलंच. पण त्याहून जास्त कळली ती माणसं. एकाच दुकानात एकच वस्तू घ्यायला ती एकदा म्हातारी म्हणून आणि एकदा तरुणी म्हणून गेली, तेव्हा दुकानदाराच्या वागण्यातला फरक तिने नोंदवला. एकदा काही मुलांच्या टोळक्याने तिला मारहाण केली आणि त्या दुखापतींनी तिला पुढे बराच काळ त्रास दिला. १९८५ मध्ये तिने या अनुभवांवर पुस्तक लिहिलं.

शास्त्रीय दृष्टीने तिच्या प्रयोगाला मर्यादा आहेत. संध्याकाळी वेश उतरवून ती पुन्हा सव्वीस वर्षांची होऊ शकत होती आणि खऱ्या आजीला ते शक्य नसतं. तरीही एक गोष्ट तिने ठामपणे दाखवली. म्हातारपणाची अडचण जेवढी शरीरात असते, तेवढीच दारात, पायरीत आणि समोरच्याच्या नजरेतही असते.

सफरचंदाची साल

यानंतरची गोष्ट पीलरची. सॅम फार्बर हा स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा व्यवसाय करून निवृत्त झालेला अमेरिकन गृहस्थ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो पत्नी बेट्सीसह दक्षिण फ्रान्समध्ये राहत होता. बेट्सीच्या हातांना थोडा संधिवात होता. सफरचंदाची सालं काढताना पत्र्याच्या बारीक दांड्याचं पीलर तिच्या हाताला त्रास देऊ लागलं. त्यातून कल्पना निघाली ती हाताला सुखकर वाटणाऱ्या अवजारांची. 'स्मार्ट डिझाइन' या संस्थेने काम हाती घेतलं आणि सल्ला द्यायला आली तीच पॅट्रिशिया मूर. १९९० मध्ये 'ऑक्सो गुड ग्रिप्स' या नावाने पंधरा वस्तूंचा संच बाजारात आला.

या पीलरची मूठ जाड, लंबगोल आणि मऊ रबरासारख्या पदार्थाची आहे. बोटं टेकतात तिथे पातळ पापुद्र्यांसारख्या खाचा आहेत. प्रत्येक गोष्टीमागे शाळेतलंच भौतिकशास्त्र आहे.

साल काढताना दांडा हातात फिरू पाहतो. तो फिरू नये म्हणून आपण तो आवळतो, म्हणजे घर्षण वाढवतो. हे घर्षण दांड्याच्या पृष्ठभागावर, म्हणजे मध्यापासून त्रिज्येइतक्या अंतरावर काम करतं. त्रिज्या दुप्पट झाली, तर तेवढाच अडसर निर्माण करायला आवळण्याचा जोर निम्मा पुरतो. तरफेचंच तत्त्व हे. रबरामुळे ओल्या हातालाही घर्षण मिळतं. लंबगोल आकार गोल दांड्यासारखा गरकन फिरत नाही. आणि जाड मुठीमुळे दाब तळव्याच्या मोठ्या भागावर पसरतो, एकाच सांध्यावर येत नाही.

हे पीलर साध्या पीलरपेक्षा बरंच महाग होतं. तरीही ते खपलं, आणि फक्त म्हाताऱ्या माणसांत नाही. तरुणांनी घेतलं, साबणाच्या हातांनी काम करणाऱ्यांनी घेतलं. वेष्टनावर कुठेही 'वृद्धांसाठी' असं लिहिलेलं नव्हतं. आजीला सोपं केलं, की ते सगळ्यांनाच सोपं होतं! पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानेही हे पीलर आपल्या संग्रहात घेतलं.

पण या गोष्टीला एक शेपूट आहे. वर्षानुवर्षं ती अशी सांगितली गेली, की एका प्रेमळ नवऱ्याने आजारी बायकोसाठी पीलर बनवलं. बेट्सी फार्बरने पुढे स्पष्ट सांगितलं, की हाताला सुखकर वाटतील अशी अवजारं करायची ही कल्पना मुळात तिची होती. ती स्वतः वास्तुरचना शिकलेली होती. पण इतिहासात आपली नोंद राहील ती संधिवात झालेली बाई म्हणून, असं तिला वाटत होतं. ज्याला अडचण येते त्यालाच पुष्कळदा उत्तर सुचतं. आपण मात्र त्याला मदत घेणारा समजतो, शोध लावणारा समजत नाही. फ्रँकलिन म्हातारा असूनही संशोधक ठरला. बेट्सी ठरली रुग्ण.

सगळ्यांसाठी

रोनाल्ड मेस या अमेरिकन वास्तुरचनाकाराला लहानपणी पोलिओ झाला होता आणि तो चाकांची खुर्ची वापरत असे. १९८० च्या दशकात त्याने 'युनिव्हर्सल डिझाइन', म्हणजे सर्वांसाठी रचना, हा विचार मांडला. १९९७ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याची सात तत्त्वं प्रसिद्ध केली. वस्तू कशी वापरायची ते सहज कळावं, चूक झाली तरी इजा होऊ नये, जोर कमी लागावा, अशी ती साधी तत्त्वं आहेत. दाराला गोल मुठीऐवजी खाली दाबायची आडवी दांडी लावली, तर ती कोपरानेही उघडते. संधिवाताच्या आजीची सोय होते आणि कडेवर मूल घेतलेल्या आईचीही.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरच्या व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या. आज घरात गॅसची शेगडी, टीव्हीचा रिमोट आणि मोबाइल आहे. पेन्शन, औषधं, बँक, सारं त्या मोबाइलच्या काचेवर आलं आहे. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं आणि दृष्टिपटलावर कमी प्रकाश पोचतो. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगातली बारीक अक्षरं मग दिसत नाहीत. कानाची वरच्या पट्टीतले आवाज ऐकण्याची क्षमता आधी कमी होते, त्यामुळे यंत्राची बारीक 'टीं' ऐकूच येत नाही. "आजीला मोबाइल जमत नाही" या वाक्यात यातलं काहीच नसतं.

वर्गात करून पाहा

हा लेख लिहिण्याआधी आम्ही स्वतः एक प्रयोग केला. तुम्हीही मुलांसोबत करू शकाल. हातात रबरी मोजे एकावर एक असे दोन जोड घाला आणि दोन-दोन बोटं चिकटपट्टीने जोडा. जुन्या चष्म्याच्या काचांना थोडं व्हॅसलिन लावा. कानात कापसाचे बोळे ठेवा. मग ही कामं करा : गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचणे, त्यातली एक गोळी बाहेर काढणे, बरणीचं झाकण उघडणे, मोबाइलवरून ठरलेला नंबर लावणे. गॅस, सुरी आणि जिना मात्र या प्रयोगात अजिबात नकोत, आणि गोळ्यांच्या जागी रिकाम्या पाकिटात चणे भरून घ्या.

दहा मिनिटांत आम्ही वैतागलो. पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आमच्यातली एक जण झाकणाशी झटत होती. शेजारी उभ्या असलेल्याने चांगल्या मनाने "द्या इकडे, मी करतो" असं म्हणून बरणी तिच्या हातातून काढून घेतली. झाकण क्षणात उघडलं. ती मात्र बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "मी घरी सासूबाईंशी रोज हेच करते."

प्रयोगानंतर मुलांना घरी एक काम द्या. आजी-आजोबांना, किंवा शेजारच्या वयस्क माणसांना, दोन प्रश्न विचारायचे. घरातली कुठली वस्तू त्रास देते? आणि तिच्यावर तुम्ही स्वतः काय युक्ती काढली आहे? दुसरा प्रश्न विसरू नका. रिमोटच्या चालू करायच्या बटणावर लावलेली टिकली, किल्लीच्या डोक्याला गुंडाळलेली चिंधी, झाकणाला घट्ट बसवलेलं रबर, असं काहीबाही निघेल. ते वहीत लिहून घ्या, आणि ज्याची युक्ती त्याचं नाव त्यापुढे लिहा.