राजाची मूत्रपिंडे आणि मेंदूतली धमनी

बुलढाणा जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या आजाराचा विषय निघाला, की बोलणे पाण्यावर येते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आठवतो. लोणार तालुक्यातले बीबी त्या पट्ट्याबाहेर आहे. पण तिथल्या वर्गातही एक प्रश्न विचारता येईल. पाणी बदलले तरी टळत नाही, असा मूत्रपिंडाचा आजार असतो का? असतो. तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो. मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या असंख्य गाठी वाढत जातात.

पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी १५८६ च्या डिसेंबरात वारला. शेवटच्या दिवसांत त्याला झटके येत, शुद्ध हरपे. शव उघडले तेव्हा मूत्रपिंडे बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी आणि खडबडीत दिसली, अशी नोंद आहे. हा तोच आजार असावा, असे आज अनेक जण मानतात. त्याचे वैद्य मात्र मृत्यूच्या कारणावरून भांडत बसले!

मूत्रपिंडांतल्या या गाठींच्या काही रोग्यांचा मृत्यू मेंदूतल्या रक्तस्रावाने होतो, हे पुढे शवविच्छेदनांतून दिसू लागले. दोन अवयव, आजार एक, हे कसे? डेन्मार्कच्या डालगार्ड यांनी २८४ रुग्णांच्या कुटुंबांचा माग काढून १९५७ मध्ये दाखवले, की प्रत्येक अपत्याला हा आजार येण्याची शक्यता निम्मी असते. संबंधित मुख्य जनुक १९९४ मध्ये ओळखले गेले. ते सोळाव्या गुणसूत्रावर आहे. त्यापासून बनणारे प्रथिन मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांना लागते, तसेच धमन्यांच्या भित्तिकांनाही. भित्तिका दुबळी झाली, की मेंदूच्या तळाशी धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे फुगा येऊ शकतो. अशा रुग्णांत साधारण दहांत एकाला तो आढळतो. सगळेच फुगे फुटत नाहीत. शिवाय या आजारात रक्तदाब लवकर वाढतो आणि नुसत्या त्यानेही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

फुगा फुटला, की क्षणात असह्य डोके दुखते. आपल्याकडे पित्त झाले, ऊन लागले म्हणून चहा-बाम होतो आणि मोलाचे तास जातात. अशा फुग्याच्या मानेला चिमटा लावण्याची पहिली शस्त्रक्रिया वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये केली. आज एमआरआयने तो फुटण्याआधीही दिसतो. मात्र प्रत्येक रुग्णाला ही तपासणी सांगत नाहीत. घरात कुणी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले आहे का, हे आधी विचारतात.