‘मूल ऐकत नाही’ या तक्रारीचा इतिहास

‘मूल ऐकत नाही’ ही तक्रार जितकी जुनी, तितकीच संदिग्ध आहे. मराठीत ‘ऐकणे’ या एकाच क्रियापदाने शब्द कानावर पडणे आणि आज्ञा पाळणे हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. वस्तुतः या दोहोंच्या मध्ये उमजणे आणि ध्यानात राहणे अशा आणखी दोन पायऱ्या आहेत. परंतु भाषेच्या सोयीमुळे त्यांचा आपणांस विसर पडतो. आमच्या इकडील शाळांचा इतिहास चाळताना असे दिसून येते की, शिक्षा होत असे ती आज्ञाभंगाची, आणि अडखळलेले असे ते बहुधा मधल्या दोन पायऱ्यांवर.

पंतोजींच्या शाळेने स्मरणाची तरतूद उत्तम केली होती, हे तिच्या निंदकांसही कबूल करावे लागेल. धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचे, ते गिरवताना तोंडाने म्हणावयाचे, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून एका सुरात परवचा म्हणावयाचा. यामुळे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी ही सगळी आकड्यांची सेना मुलाच्या जिभेवर जन्मभर तैनात राही. बोट, कान आणि जीभ यांचे हे सहकार्य सामान्य नव्हे. वडील मुलाने धाकट्यास शिकवण्याचा प्रघातही शहाणपणाचा होता. डॉ. अँड्र्यू बेल याने १७८९ नंतर मद्रास येथे वाळूत अक्षरे काढणारी मुले पाहिली, ती रीत आपल्या अनाथालयात चालू केली आणि १७९७ मध्ये लंडनास तिजवर पुस्तक छापले. पुढे त्याच्या व लँकेस्टरच्या नावाने हीच पद्धती मुंबई इलाख्यातील शाळांत नवीन शोध म्हणून परत आली! आपलाच माल विलायती छाप मारून विकत घेण्याचा प्रकार केवळ कापडापुरता नव्हता.

परंतु या शाळेत एक उणीव होती. ‘म्हण’ ही एकच सूचना तेथे मुलास नीट पाळता येई. इतर सूचना पाळवून घेण्यासाठी छडी आणि अंगठे धरविणे हीच साधने होती. पाठ झाले आहे त्याचा उपयोग कर, अमुक आणून तमुक जागी ठेव, अशी कृतीची सवय लावणे हे शिक्षणाचे काम आहे, असे पंतोजींस वाटत नसे.

सोलापुरात ही उणीव अधिक बोचणारी ठरली, याचे कारण येथील वस्ती. १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या उभ्या राहिल्या, हातमागही होतेच. तेलुगु बोलणारी पद्मशाली कुटुंबे, कानडी बोलणारी लिंगायत घराणी, उर्दू बोलणारे मोमीन आणि मराठी बोलणारे आसपासचे शेतकरी एका शहरात नांदू लागले. अशा घरचे पाच वर्षांचे पोर मराठी शाळेत आले म्हणजे गुरुजींची सूचना त्याच्या कानावर पडे, पण पलीकडे जात नसे. तेच पोर घरी कांड्या भरून देण्याच्या कामात बापाच्या अर्ध्या शब्दावर हलत असे, कारण तेथे शब्दाआधी हात दिसत होता. शाळेत ‘ठोंब्या’ आणि मागापाशी हुशार असे हे एकच मूल होते. त्याची परीक्षा कोणत्या जागी घ्यावी, एवढाच वाद आहे.

या शहरात अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बालोद्यान शाळा चालवली आणि बालशिक्षिका तयार करण्याचे कामही हाती घेतले. मिशनऱ्यांच्या धर्मविषयक हेतूंविषयी आमचे मत काहीही असो, फ्रोबेलची रीत येथे आणल्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. फ्रोबेलने १८४० मध्ये ‘बालोद्यान’ हे नाव योजले. त्याच्या पद्धतीत गाणे आणि हातवारे यांची जोडी असते. शिक्षिका म्हणते आणि करते, मूल तिच्याबरोबर करते. भाषा अपुरी असली तरी सूचना पुरी पोचते.

याहून बारीक विचार फ्रेंच वैद्य सेगँ याचा. मॉंटेसोरीबाईंनी त्याच्यापासून तीन पायऱ्यांचा पाठ घेतला. ‘हा तांबडा’ असे प्रथम सांगावे. मग ‘तांबडा दे’ असे म्हणावे. आणि शेवटी ‘हा कोणता?’ असे विचारावे. दुसरी पायरी सूचना पाळण्याची आहे आणि ती आठवून सांगण्याच्या आधी येते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आमच्या पंतोजींनी नेमका हा क्रम उलटा लावला होता: आधी सांग, करणे मग पाहू. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरास हे शास्त्र अभ्यासले आणि १९४५ पासून बोर्डी येथे, पुढे कोसबाड येथे, आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेले. शंखशिंपले, खडे, बिया ही त्यांची साधने. ‘मोठा दे, लहान ठेव’ ही सूचना ओळखीच्या खड्याविषयी असली म्हणजे मुलास वस्तूही नवी आणि शब्दही नवा असा दुहेरी भार होत नाही.

भार किती असावा, याचेही माप पुढे निघाले. बिने व सिमाँ यांच्या कसोट्यांत एक अशी आहे: ही किल्ली खुर्चीवर ठेव, दार लाव, ती पेटी आण, तिन्ही सूचना एकदम द्यावयाच्या. १९०८ मध्ये बिनेने ही कसोटी सहा वर्षांच्या मुलासाठी ठेवली होती. १९११ मध्ये ती सातव्या वर्षाकडे सरकवली. पॅरिसच्या मुलासही मातृभाषेत तीन आज्ञा एकत्र पेलण्यास सात वर्षे लागतात, आणि आम्ही चार वर्षांच्या मुलास एका दमात ‘हातपाय धू, पाटी पूस, दप्तर आवर आणि इकडे ये’ असे सांगून तो निम्म्यावर खेळू लागला म्हणजे संतापतो!

धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी या कसोट्यांचे मराठी व कानडी रूप सिद्ध केले आणि १९४० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. भाषा बदलली म्हणजे कसोटीही पुन्हा पारखावी लागते, हे त्यांनी जाणले होते. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगु घरच्या मुलाला मात्र या दोन्ही भाषा परक्याच होत्या. त्याला किल्ली, दार आणि पेटी यांची नावे शिकण्यापासून आरंभ करावा लागे, आणि तोवर शाळेच्या बुकात ‘ऐकत नाही’ असा शेरा पडून गेलेला असे.